शाईची डबी आणि सुकरीबाईचा अंगठा

मी बोलतेय, ग्रामसभेची शाईची डबी. झाकण तुटलंय, आतली गादी वाळून तडकलीय. तरी दोन शब्द ऐकून घ्या. एरवी मला कोण विचारतं?

अध्यक्ष हेमराजने कुरखेड्याच्या बाजारातून मला आणलं तेव्हा मी काठोकाठ भरलेली होते. या गावाची रीत मला आवडली. सगळे गोल बसायचे. एक जण जरी ‘नाई’ म्हणाला तरी ठराव थांबायचा आणि त्याची समजूत पटेपर्यंत अख्खं गाव ताटकळायचं. कंटाळवाणं काम, पण खरं.

घोडं अडलं ते मोहाच्या दिवसांत. बाया पहाटेच फुलं वेचायला रानात जात आणि सभा अकराची. त्यांच्यावाचून गणसंख्या भरेना. मग हेमराज मला खिशात घालून संध्याकाळी घरोघरी फिरू लागला. वाईट नव्हता हो तो, थकलेला होता. वरच्या कचेरीतून आलेला कागद त्यानेही वाचला नव्हता. म्हाताऱ्या सुकरीबाईला म्हणाला, हजेरीचा अंगठा आहे. अंगणात फुलं वाळत घालता घालता तिने तो देऊन टाकला.

कागद होता टेकडी फोडून गिट्टी, म्हणजे खडी, काढायची खदान उघडायच्या संमतीचा. त्याच टेकडीवर बाईची मोहाची सात झाडं, तिच्या वर्षाची भाकर.

झाडांवर तोडीच्या खुणा पडल्या तेव्हा गावाला जाग आली. सभा भरली. बाईच्या सुनेने, दुर्गाने, त्या कागदावरचा ठराव मोठ्याने वाचला.

सुकरीबाई म्हणाली, “अंगठा माहा हाय. पण मी हो कवा म्हटलं?”

हेमराजची मान खाली गेली. दुर्गा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकलेली. तिने सांगितलं, तिकडे दूरदेशी तीनशे वर्षांमागे माणसांनी राजाला ठणकावलं, की राज्य चालतं ते लोकांच्या होकारावर; तेच पुढे आपल्याही कायद्यात आलं.

“राजाले समजलं म्हणतेस,” बाई म्हणाली, “मंग आमाले न सांगता आमचा होकार काऊन नेला?”

ठराव रद्द करायचं ठरलं, एकमताने. सगळं गाव रांगेत उभं राहिलं आणि मी कोरडी ठणठणीत. हेमराजनेच लोट्यातलं पाणी माझ्यात ओतलं. अंगठे उमटले, पण फिके.

पंधरा दिवसांनी कचेरीतून कागद परत आला: अंगठे अस्पष्ट आहेत, नव्याने सादर करावेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फसवून घेतलेला होकार मी ठसठशीत उमटवला आणि समजून दिलेला नकार मला उमटवता आला नाही.

उद्या पुन्हा सभा आहे. नवी डबी आलीय, मी उकिरड्यावर जाईन. जाता जाता एवढंच सांगते, तिच्यावर अंगठा टेकवण्याआधी कागद वाचून घ्या. शाईला हो आणि नाही यातला फरक कळत नाही.