पन्नास अंश

रिह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत भट्टी एकच होती, आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत ग्राफीन, म्हणजे कार्बनचे तलम पापुद्रे, मिसळून कांड्या घडवणारे आम्ही दोघे होतो, दिशा आणि मी. ज्याची कांडी बळकट ठरेल, त्याच्याच पद्धतीने पुढचे काम होणार होते. दिशाच्या हाताला यश सवयीने येई, आणि ते पाहताना माझ्या आत काहीतरी धुमसत राही.

भट्टी सांभाळणारे हैबतमामा एकदा मला म्हणाले, "सर, ही पन्नास अंश कमी दाखवतीया. ताईंना बी सांगा."

मी सांगितले नाही. फार तापले की ग्राफीनचे ठिसूळ कार्बाइड होते, हे मला पाठ होते. मी हिशेब करून भट्टीचा आकडा पाचशेवर ठेवला आणि माझी कांडी अचूक साडेपाचशे अंशांवर दाबली. दिशाने भट्टीच्या साडेपाचशेच्या आकड्यावर विश्वास ठेवला, आणि तिची कांडी नकळत सहाशेवर तापली.

चाचणीत माझीच आधी तुटली. तुटल्या जागी बारीक छिद्रे होती. धातूचे कण एकमेकांना पुरते बिलगलेच नव्हते. बिलगण्यापुरती ऊब माझ्या मौनाने दिशाच्या कांडीला दिली होती.

"तुझंही साडेपाचशेच होतं ना रे?" वहीत आकडा लिहीत दिशाने विचारले. "मग असं कसं?"

"ताई, तुमचं सहाशे लिवा," दारातून हैबतमामा म्हणाले. "सरांनी सांगितलं न्हाई व्हय?"

दिशाने माझ्याकडे पाहिले आणि पेन पुढे केले. "तूच दुरुस्त कर."

मी सहाशे लिहिले. शेजारचे तिचे वळणदार अक्षर तेव्हाही मला खुपलेच.