गादीचं शीड

धाकट्याच्या नातीला जुळी झाली आणि घरात पाळणा एकच म्हणून दुसरं बाळ कपाटाच्या खणात उशी घालून निजवावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. धाकटा म्हणजे आक्काचा पाठचा भाऊ. वय एकाहत्तर, पणजोबा झालेला, तरी सगळ्या पाणवठ्यावर तो धाकटाच. आक्का त्याच्याहून चार वर्षांनी मोठी आणि जिभेनं चाळीस वर्षांनी.

धाकट्यानं उभा जन्म शहराच्या नदीवर शिडाची नाव चालवली, आणि त्या नावेचं शीड आक्कानं शिवलं. एक फाटलं की दुसरं, अशी सात शिडं. नदीवर पूल झाले, पुलांवरून मोटारी धावल्या, माल नावेनं जायचा बंद झाला. धाकट्याचे गुडघे गेले, मग छाती गेली. नाव मुलाकडे आली. मुलानं तिला रंग दिला, बाकांवर गाद्या घातल्या, घाटाच्या पायऱ्यांशी पाटी लावली: ‘पारंपरिक शिडाची सफर. वीस मिनिटं. वाऱ्याच्या संगतीनं.’

आक्का पन्नाशीत लिहायवाचायला शिकली. तेव्हापासून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची आणि तिची हजेरी घ्यायची तिला सवय. ही पाटी तिनं पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हणाली, “वाऱ्याच्या संगतीनं! आणि फळीखाली इंजिन घरघरतंय ते काय, वाऱ्याला दमा झालाय?”

भाच्याला ती तेव्हापासून मॅनेजर म्हणायला लागली. तोंडावर.

चार वर्षांपूर्वी हा मॅनेजर तिच्या खोलीवर आला होता. “आत्या, एक शीड शिवून दे. पण एक काम कर, त्याला पोट ठेवू नकोस.”

शिडाला पोट नसेल तर वारा बसणार कुठं? आक्कानं चष्मा काढला. “का रे?”

“त्यावर गादीवाल्याची जाहिरात छापायचीय. पोट आलं की अक्षरं वाकडी दिसतात, असं तो म्हणतो.”

“मग त्याला म्हणावं, गादीच बांध डोलकाठीला. तू खाली झोप, गिऱ्हाइकं बघतील.” आणि दार लावून घेतलं. त्या लावलेल्या दाराचा तिला चार वर्षं अभिमान होता. पाण्याच्या नळावर, दवाखान्याच्या रांगेत, एक धाकटा सोडून जो भेटेल त्याला ती ते दार पुन्हा लावून दाखवायची.

तर त्या वर्षी, जुळी पाच महिन्यांची असताना, डॉक्टरीणबाईंनी धाकट्याच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला, मग त्याच्या मुलाला बाहेर नेलं. आत येऊन मुलगा म्हणाला, “काही नाही बाबा, औषधं बदललीत.” धाकटा म्हणाला, “बोलायला तुला बाहेर नेतात आणि मरायचंय मला. किती दिवस म्हणाल्या?” मुलानं सांगून टाकलं. महिना, फार तर दोन.

“बरं,” धाकटा म्हणाला. “मला एकदा पायऱ्यांपासून पंपघरापर्यंत शिडावर जायचंय. दुसरं काही नको. नातेवाईक गोळा करू नका, ते खातात फार.”

पायऱ्यांपासून पंपघर म्हणजे वरच्या अंगाला पाऊण मैल. दुपारी चारला वारा खालून वर वाहतो. शीड उघडायचं, वाऱ्यावर वर जायचं, शीड गुंडाळायचं आणि प्रवाहाबरोबर परत यायचं. वल्ह्याचं काम नाही. धाकट्यानं ही फेरी किती हजार वेळा केली त्याची मोजदाद नाही.

“एवढंच ना?” मुलगा म्हणाला. “उद्या चारच्या सफरीला चला. पहिला बाक तुमचा.”

दुसऱ्या दिवशी आक्काही गेली. भावासाठी गेली, आणि थोडी तमाशा बघायलाही. सूनबाई पायऱ्यांवर निळी टोपी घालून तिकिटं फाडत होती. आक्काला बघून तिनं टोपी काढली. “या आत्याबाई, जपून.”

“टोपी घाल गं. ऊन लागेल आणि मॅनेजर दंड करेल.”

नावेत आठ गिऱ्हाइकं होती. एक जोडपं स्वतःचेच फोटो काढत होतं. एक निवृत्त मास्तर प्रत्येक वस्तूला हात लावून ‘हे काय?’ विचारत होते आणि उत्तराच्या आधी दुसरीकडे वळत होते. धाकट्याला दोघांनी उचलून पहिल्या बाकावर बसवलं. त्याची नजर अधू झाली होती. पाच हातांपलीकडे सगळं पाण्यात विरघळल्यासारखं दिसायचं. म्हणून त्यानं आधी डोलकाठी चाचपली, तिच्यावर थाप मारली, जशी म्हातारा बैल पाहून मारावी.

नाव सुटली. मॅनेजरनं एक बटण दाबलं आणि बाकाखालच्या डब्यातून आवाज आला, ‘खळ्ळ, चुबुक, खळ्ळ, चुबुक.’

“हे काय?” मास्तरांच्या आधी आक्कानंच विचारलं.

“पाण्याचा आवाज, आत्या. इंजिनात खरा ऐकू येत नाही ना. लोकांना आवडतो.”

आक्कानं कपाळावर हात मारला. “नदीत बसून नदी डब्यातून ऐकायची! उद्या जेवताना चावण्याचा आवाज डब्यातून लावा. दातांना आराम.”

फोटोवाली मुलगी फिस्सकन हसली. तेवढ्यात मॅनेजरनं दोर ओढला आणि शीड उलगडलं. एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत गुलाबी गादी, तिच्यावर झोपलेली एक बाई, आणि खाली हातभर अक्षरं: ‘एकदा पडाल, उठावंसं वाटणार नाही.’ अक्षरं अगदी सरळ. वारा चांगला सुटला होता. काठावरची झाडं वाकत होती. पण शीड इस्त्रीच्या चादरीसारखं सपाट. नाव इंजिनावर वर चालली होती आणि शीड नुसतं बरोबर येत होतं, लग्नात फुकट आलेल्या पाहुण्यासारखं.

धाकटा मान वर करून बसला होता. चेहऱ्यावर वारा घेत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “इंजिन बंद कर.”

“बाबा, पंपघराशी करतो ना.”

“बंद कर. मी शिडावर आलोय.”

मुलानं गिऱ्हाइकांकडे बघितलं, आक्काकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. डबाही बंद केला. एकदम शांत झालं. सगळे बघू लागले. नाव थांबली. एक गिरकी घेतली. आणि हळूहळू मागे, आली होती तिकडेच, वाहायला लागली.

“उलटी का चाललीय?” मास्तरांनी विचारलं, आणि या वेळी उत्तरासाठी थांबले.

धाकट्यानं हात लांबवून शिडाची कड पकडली. बोटांत चोळली. आक्काला ते कापड आता जवळून दिसलं. रस्त्यावर मोठमोठ्या जाहिरातींना लावतात ते जाळीचं कापड. वादळात फलक पडू नये म्हणून त्याला मुद्दाम बारीक भोकं पाडलेली असतात, वारा आरपार जाण्यासाठी. म्हणजे या पठ्ठ्यानं वारा सोडून देणाऱ्या कापडाचं शीड केलं होतं! असली चूक करायला माणूस नावाड्याच्या पोटी जन्मावा लागतो. परका निदान विचारून करतो.

आक्काच्या जिभेवर दहा वाक्यं एकदम आली. त्यातलं कोणतं आधी सोडावं या विचारात ती होती, तेवढ्यात धाकटा तिच्याकडे वळला. “आक्का,” तो हळू म्हणाला, “हे तू शिवलंस?”

“मी?”

“हा म्हणाला होता. चार वर्षांपूर्वी. ‘आत्यानं शिवून दिलं’ म्हणाला. मी म्हटलं, चला, शीड तरी घरचं आहे.”

मॅनेजर सुकाणूपाशी उभा होता. आत्याकडे असा बघत होता, की चूक पदरात घे. चार वर्षं जिला दाराबाहेरून हाक मारायची सोय नव्हती, तिच्याकडे.

पदरात घेणं आक्काला कधी जमलं नव्हतं. “ह्या चाळणीला मी हात लावीन?” ती कडाडली. “पीठ चाळायला घेतली नसती मी! पोट नसलेलं शीड मागायला आला होता हा. दार लावलं मी तोंडावर. ऐकताय का हो मास्तर? नावाड्याचा मुलगा आणि शिडाला भोकं!”

गिऱ्हाइकं हसली. मॅनेजरचे कान तांबडे झाले. आक्काला वाटलं, झालं, चार वर्षांचं व्याजासकट वसूल झालं. तिनं भावाकडे बघितलं.

धाकटा हसत नव्हता. त्यानं शिडाची कड सोडून दिली होती.

“म्हणजे शीड मागायला आला होता,” तो म्हणाला, “आणि तू दिलं नाहीस.”

“असलं कसं देणार?”

“त्याला नव्हतं द्यायचं, आक्का. त्याला काय कळतं? नाव माझी आहे. माझ्या नावेला तू चार वर्षं उघडं ठेवलंस. आणि वर ते चारचौघांत मिरवतेस.”

नाव मागे वाहत पायऱ्यांशी आली. मास्तर उतरताना म्हणाले, “नवीनच अनुभव.” सूनबाईनं सगळ्यांची तिकिटं परत घेऊन पैसे दिले.

त्या संध्याकाळी आक्कानं अंथरुणाखालून तागा ओढला. जाड सुती कापड, अकरा वर्षांपूर्वी शेवटच्या नावाड्यानं सांगितलेलं आणि मग नको म्हटलेलं. ती त्याच्यावरच झोपत आली होती. गादीवाल्याला नावं ठेवणारी आक्का शिडावर झोपत होती, हे तिचं तिलाच तेव्हा लक्षात आलं.

खोलीत शीड मावेना. तिनं ते बाहेरच्या व्हरांड्यात पसरलं, चार बिऱ्हाडांच्या दारांसमोर. शेजारीण म्हणाली, “आत्याबाई, जायचं कुठून?”

“पाय उचलून. आहेत ना पाय?”

कापडाच्या पट्ट्या कापायच्या त्या सरळ नाहीत. कडेला किंचित बाक द्यायचा, मधे दोन बोटं आणि टोकाला शून्य. अशा बाकदार कडा एकमेकींना शिवल्या की कापड आपणहून फुगतं. हे कुठं लिहिलेलं नाही, बोटांत असतं. पण बोटांत आता संधिवातही होता. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, दोऱ्याला मेण लावून ती टाके घालू लागली. दिवसाला एक शिवण होईना.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर आला. व्हरांड्याच्या टोकाला चपला काढून उभा राहिला.

“काय रे, अक्षरं आणलीस का छापायला?”

“नाही.” तो खाली बसला. “गादीवाल्याला सांगितलं, दुसरी नाव बघ. सुई दे. सरळ टाके मला येतात. लहानपणी तूच शिकवलंस.”

“सरळच येतात, तीच तर अडचण आहे,” आक्का म्हणाली. पण सुई दिली. त्याचे टाके तिनं रोज रात्री तपासले, निम्मे उसवले, आणि तसं त्याला सांगितलं. तो रोज येत राहिला. बाप कसा आहे हे ती विचारायची नाही. तोच सांगायचा. आज जेवले. आज नाही जेवले. आज विचारत होते, कुठवर आलं.

एकोणिसाव्या दिवशी शीड चढलं. गिऱ्हाइकं नव्हती. पाटी उलटी करून ठेवली होती. धाकट्याला या वेळी एकट्या मुलानं उचललं. वजनच राहिलं नव्हतं. चार वाजले, वारा आला, आणि कापडानं एकदाच ‘धप्प’ आवाज केला, दारावर खांद्यानं धडक द्यावी तसा. पोट भरलं. नाव दचकून पुढे गेली. सूनबाईनं बाक घट्ट पकडला.

धाकट्यानं दोर मागितला. मुलगा म्हणाला, “बाबा, झेपणार नाही.” आक्का म्हणाली, “दे. हात तुटला तर त्याचा तुटेल.” धाकट्यानं दोर मनगटाला एक वेढा देऊन धरला आणि डोळे मिटले. पाणी नावेच्या पुढच्या टोकाखालून खरं खळखळत होतं, डब्याशिवाय.

पंपघर दिसायला लागलं तसा तो म्हणाला, “पोट जास्त झालंय.”

“काय?”

“मधल्या दोन शिवणी. वारा आत फिरतोय, नाव एका अंगाला झुकतेय. जास्त ठेवलंस.”

“मला अक्कल शिकवू नकोस. सात शिडं शिवली तुला.”

“सातांतली तीन अशीच होती. तुझ्या तोंडाला कोण लागणार म्हणून बोललो नाही.”

“आता बोलतोयस बरा!”

“आता काय करणार आहेस माझं?”

पंपघरापर्यंत दोघं भांडत गेली. कोणत्या शिडाचं पोट कसं होतं, कोणत्या वर्षी कोणी कोणाला किती तास उपाशी वाट बघायला लावली, सगळं निघालं. मुलगा सुकाणू धरून होता. परत येताना शीड गुंडाळून प्रवाहावर येत असताना धाकट्याला खोकला लागला. तो थांबल्यावर म्हणाला, “कापड वाईट नाही.” त्यांच्या घरात याहून मोठं बक्षीस कोणी कोणाला दिलेलं नव्हतं.

आक्का शीड उतरवून घेऊन घरी आली, कपडे न बदलता व्हरांड्यात बसली. मधल्या दोन शिवणी तिनं बोटानं चाचपल्या. मग कात्री घेतली आणि त्या उसवल्या. अर्धं बोट आत घेऊन पुन्हा शिवल्या. चार दिवस लागले. त्याचं खरं होतं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. त्याला सांगणार होती, पण त्याच्याच पद्धतीनं, परत नावेत बसवून.

शीड पुन्हा चढवायचं ठरलं होतं त्या मंगळवारी, सकाळी पावणेसात वाजता, स्वतःच्या खाटेवर, धाकटा वारला. जुळ्यांना तेव्हा सातवा महिना लागला होता.