मान्यता कोणाची

तराजूच्या काचेवरचा तपासणीचा हिरवा स्टिकर एका कोपऱ्यातून सुटला होता. वसुंधराने तो अंगठ्याने दाबला, तो पुन्हा उचलला गेला, तिने पुन्हा दाबला... तारीख ठीक होती. तळोज्याच्या औषध कंपनीतल्या या प्रयोगशाळेत अचूकतेचा दाखला जुना झालेल्या तराजूवर ती चिमूटभर पावडरही ठेवत नसे. दाखला देणाऱ्या संस्थेला तो अधिकार कोणी दिला, हेसुद्धा बघत असे. हाताखालची अंकिता म्हणायची, "मॅडम, लग्नाआधी तुम्ही सरांचाही दाखला मागितला असणार."

आणि तरी लेकीचं, अनुयाचं कॉलेज... वाशीच्या त्या शैक्षणिक मेळाव्यात एजंटाने समजावलं होतं — अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग तिथे पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट घेऊन थेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला. माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' असा सोनेरी शिक्का होता. नवऱ्याने, चारुदत्तने, कामोठ्याला परतताना पेढेच घेतले, सगळ्या मजल्यांवर वाटले. आणि एकदा पेढे वाटले की आमच्याकडे कोणी शंका काढत नाही. मीही काढली नाही, तिच्या मनात आलं.

आज डबा न उघडताच तिने फोनवर शोधलं. कॉलेजला मान्यता देणारी संस्था होती. पण त्या संस्थेला स्वतःला मान्यता कोणाची? तिथल्या सरकारच्या यादीत तिचं नावच नव्हतं. अनुयाला हव्या असलेल्या युनिव्हर्सिटीने स्पष्ट लिहिलं होतं — अशा कॉलेजचे क्रेडिट धरले जात नाहीत. म्हणजे दोन वर्षांनी, परक्या गावात, माझी मुलगी एका काउंटरसमोर उभी... पलीकडची बाई नम्रपणे मान हलवतेय... आणि इथे रात्र, मी झोपलेली...

तिने चारुदत्तला फोन लावला.

"अगं, शिक्का आहे ना त्यावर?"

"शिक्का कोणीही छापतं."

"तू पण ना. पेढे खाऊन झाले लोकांचे, आणि आता —" पुढचं त्याने गिळलं. त्याच्या आवाजातही तिच्यासारखीच भीती होती की काय, हे तिला कळलं नाही.

कंपनीच्या बसमध्ये तिने वाक्य जुळवून पाहिलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. कळंबोलीपाशी वाटलं, आपणच चुकीचं पान उघडलं असेल. मग वाटलं, नाही.

अनुया दारातच उभी होती. "आई, उद्या सकाळी सीट पक्की करायचीय. बाबा अचानक फोनवर म्हणतात, आईला विचार." मग हसून, "तू बघितलंयस ना सगळं? तू बघितल्यावर मी परत कशाला बघू."

पाय धुवायला जावं, चहा टाकावा, चारुदत्त आल्यावर बोलावं...

"नाही गं," वसुंधरा म्हणाली. "आज बघितलं. त्यांची मान्यता युनिव्हर्सिटीत चालत नाही."

अनुयाचं हसू जागच्या जागी राहिलं. डोळ्यांत मात्र हळूहळू काहीतरी चढत गेलं — तेच, जे दुपारपासून वसुंधराच्या छातीत होतं. आणि सांगून टाकल्यावर तिला जाणवलं, आपल्याला आता श्वास नीट घेता येतोय... मुलीचा चेहरा असा पांढरा पडत असताना. इतका मोकळा श्वास, की तिला स्वतःचीच भीती वाटली.