येनचा जास्तीचा एस

"हे सांगून कोणाला पटायचं नाही, म्हणून मी सहसा सांगतच नाही," असं म्हणत पेंटरकाकांनी स्टुलावर बैठक मारली, की जाणत्यानं ओळखावं, आता सुटका नाही.

परदेशी चलन बदलून देणाऱ्या नव्या दुकानाच्या मालकीणबाईंनी ते ओळखलं नाही. त्यांचा प्रश्न सरळ होता. बोर्डावर चौदा देशांची चलनं इंग्रजीत लिहायची. काकांना जमेल, की समोरच्या छपाईवाल्याला सांगू? चार महिने काकांच्या ब्रशला रंग लागला नव्हता. हेही काम गेलं, तर त्या ब्रशांनी खिडक्यांच्या जाळ्या झाडायला बायको टपलेलीच होती.

"इंग्रजी येतं ना पण?" बाईंनी विचारलं. "डॉलर एकापेक्षा जास्त झाले की शेवटी एस लागतो. येन मात्र कितीही असोत, येनच. थायलंडच्या बाहतचंही तसंच."

काकांना हे आत्ताच कळत होतं, पण त्यांनी चेहऱ्यावरची माशीही हलू दिली नाही.

"बाई, हे मला शिकवता? चौकातल्या त्या जुन्या 'मनी चेंजर'चा बोर्ड कोणी रंगवला? तेव्हा मजुरी अक्षरामागे मिळायची. मग काय, सोडला हात सैल! डॉलरला एस, पाउंडला एस, येनला एस, बाहतला एस. दिसेल त्याला शेपूट! उद्घाटनाला अर्धा तास उरला आणि एक चष्मेवाले मास्तर खालून ओरडले, 'अहो, येनला एस नसतो!' मालक पांढराफटक."

"मग पुसलात?"

"पुसतोय कशाला! घाम गाळून काढलेलं अक्षर. रंग ओलाच होता. ब्रशाचा एक केस घेतला, येनच्या एसच्या पोटाखाली सरकवला आणि दुधावरची साय काढावी तसा अख्खा एस अलगद उचलला. बाहतचाही तसाच. एक नेऊन 'चेंजर'ला चिकटवला. दुकान दोघा भावांचं होतं, शोभला. दुसऱ्याला जागाच मिळेना. तेवढ्यात आली वाऱ्याची झुळूक, एस उडाला तो थेट मास्तरांच्या टकलावर! पंधरा दिवस निघाला नाही. शेवटी बिचाऱ्यांनी टोपी..."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"पेंटरकाका, ते दुकान माझ्या बाबांचं आणि चुलत्यांचं. त्या बोर्डावर रंगाचा थेंब नव्हता. पितळेची अक्षरं होती, स्क्रूनं बसवलेली. दर रविवारी मीच घासायचे. आता ब्रश आणलाय का बरोबर, की तोंडानंच रंगवणार?"