आत जाणाऱ्याचं माप

सुताराने खुराड्याच्या कोपऱ्यातल्या खांबात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"वाळवी," तो म्हणाला. "वरून रंग आहे म्हणून उभं आहे."

"मग एक खांब बदला की," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "बाकीचं ठणठणीत आहे. पाडायचं कशाला?"

"ठिगळं तरी किती लावायची, अप्पा?" दादा म्हणाला. "एकदाच काय ते नवीन बांधून टाकू."

परसदारी हा काथ्याकूट गेले कित्येक रविवार चालला होता. दादा वरच्या मजल्यावर राहायचा आणि कोंबड्यांविषयीची त्याची सगळी मतं गॅलरीतूनच खाली यायची; आज सुतार आला म्हणून तेवढा तो परसात उतरला होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्याला सांगणार कोण? अप्पा खाली, लेकीबरोबर राहायचे. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी खुराड्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तेच गुडघे रोज सकाळी तळ्यापर्यंत फिरून यायचे. बापलेकांचं कशावरच जमायचं नाही. एका वाक्यावर मात्र दोघांचं एकमत होतं: बेबी आहे ना.

बेबी चाळिशी ओलांडून गेली होती. कानामागचे केस पांढरे झाले तरी घरातल्यांना तिच्यासाठी दुसरं नाव सुचलं नव्हतं. आत्ता ती कोंबड्यांचं पाण्याचं भांडं विसळत उभी होती आणि मनातल्या मनात सुताराला विनवत होती, म्हणा हो, यात आता काही राम नाही. म्हणा, देऊन टाका कोंबड्या कुणाला तरी.

तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने दुसऱ्या गावात शिवणाचं दुकान काढलं होतं. गिऱ्हाईक वाढलं आणि हात कमी पडायला लागले. "वर खोली आहे, मशीन आहे, तू ये," ती फोनवर म्हणाली होती. "पण रविवारपर्यंत नक्की सांग. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल." तो रविवार आजचा. बेबीने घरात अजून अवाक्षर काढलं नव्हतं, कारण काय ऐकावं लागेल हे तिला पाठ होतं. त्याच मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नाला दोन दिवस जाऊन येते म्हणाली, तेव्हाही अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "आणि कोंबड्यांचं?"

कोंबड्या आईच्या. आई गेली तशा त्या बेबीकडे आल्या, स्वयंपाकघर आणि किल्ल्या आल्या तशाच. खांब कुजतोय हे तिला कधीच कळलं होतं, पण ती मूग गिळून बसली. खुराडं पडेल, मग कोंबड्या जातील, मग आपण जाऊ. स्वतःहून निघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तिने ते काम वाळवीवर सोपवलं होतं.

सुताराने दार ढकलून पाहिलं. दार आपलं आपण मिटलं आणि बाहेरची कडी खटकन पडली.

"आत माणूस असताना पडली तर हो?"

"पडते," बेबी म्हणाली.

पहिल्यांदा पडली तेव्हा ती अख्खी दुपार आत अडकली होती. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी फटीतून काहीतरी घालून कडी उचलायची युक्ती तिची तिनेच शोधली. बाहेर आली तेव्हा अप्पांनी चहाला उशीर का झाला ते विचारलं. तेव्हापासून मोडक्या उलथन्याचा दांडा तिने आत, दाराशेजारी खोचून ठेवला होता.

सुतार चौकटीवर बोट फिरवताना थांबला.

"ही खाच कसली?"

"आईची उंची," दादा म्हणाला. "खुराडं बांधताना अप्पांनी तिला उभं करून खूण केली होती."

"तेच बरोबर. आत जाणाऱ्याच्या मापानेच बांधावं लागतं."

आई ठेंगणी होती. बेबी तिच्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे इतकी वर्षं ती वाकूनच आत जात होती.

"बघा, अप्पा! निदान तिच्या कमरेचा तरी विचार करा." दादाला खरोखरच बहिणीची कणव आली होती. तीच तर पंचाईत होती. तो वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"या ताई, इथे उभ्या राहा." सुताराने लाकडाची नवी कोरी पट्टी तिच्या शेजारी धरली, डोक्याच्या चार बोटं वर पेन्सिलीने रेघ ओढली आणि पट्टी तिच्या हातात दिली.

"झालं!" दादा खूश होऊन म्हणाला. "आता आयुष्यभर वाकायला नको."

बेबी त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिने ती पट्टी नेऊन दादाच्या शेजारी उभी धरली. रेघ त्याच्या नाकापाशी आली.

"काका, याच्या मापाने घ्या."

"मी कशाला आत जाणार?" दादा हसला.

"मग कोण जाणार?"

"म्हणजे? तू आहेस ना."

"मी नसेन." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "मैत्रिणीच्या दुकानात कामाला जातेय. राहणारही तिथेच."

"असं एकदम? अगं, आणि अप्पांचं? कोंबड्यांचं?"

"अप्पा वर तुमच्यात जेवतील. कोंबड्यांचं तुम्ही दोघं ठरवा." तिने पट्टी खुराड्याला टेकवून ठेवली.

अप्पा उठले. सगळ्यांना वाटलं, रागावून घरात चालले. पण ते खुराड्यापाशी गेले, आईच्या खाचेवर क्षणभर हात ठेवून उभे राहिले, कण्हत कण्हत वाकले आणि आत शिरले. मागे दार मिटलं. कडी खटकन पडली.

आत पंखांची फडफड झाली. मग आवाज आला, "बेबी, हे उघडत नाही गं."

दादा पुढे धावला. बेबीचं पाऊलही सवयीने उचललं गेलं होतं. ते तिने मागे घेतलं आणि दादाचा दंड धरला.

"अप्पा, उजव्या हाताला उलथन्याचा दांडा खोचलाय. तो फटीतून घाला आणि कडी वर उचला."

कडी जरा हलली आणि परत पडली.

"नाही जमत."

"जमेल," ती म्हणाली. "मलाही वेळ लागला होता."