शुइगनची शेवटची टोपली

माझा धाकटा भाऊ शुइगन वारला तेव्हा त्याच्या भाजणीघरात एक टोपली चहा अर्धवट राहिला होता. पाने त्यानेच कातळावरच्या झुडपांची खुडली होती, त्यानेच सुकवली होती. राखेखालच्या निखाऱ्यावरची अखेरची भाजणी तेवढी उरली होती. आमच्या वूयीच्या डोंगरात चहाला चव येते ती या भाजणीने, आणि ती हाताहाताची निराळी असते.

त्याची पत्नी यूएझेन ती टोपली शेजारच्या म्हाताऱ्या फानकडे भाजायला देणार होती. मी आडवा आलो. चाळीस वर्षे मी तालुक्याच्या शाळेत जुने गद्य शिकवले आहे. पानांच्या जाती, पाण्याच्या जाती, चहा मांडण्याच्या रीती यांवर जे लिहिले गेले त्यातले बहुतेक मी वाचले आहे. शुइगन त्यावर हसायचा. म्हणायचा, "दादा, तू चहा वाचतोस. आम्ही नुसता पितो." पण आजारपणाच्या हिवाळ्यात त्यानेच, बायकोच्या आग्रहावरून, आपली भाजणी एका वहीत उतरवली होती. फानने भाजला तर तो फानचा चहा होईल, असे मी यूएझेनला बजावले. लेखी प्रमाण हाती असताना परक्या हाताची गरज काय?

तिने वही आणून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "त्यांचा आवाज आता आठवत नाही, भाऊजी. चव तेवढी राहिलीय. सांभाळून करा."

वही अकरा पानांची. अक्षर ओबडधोबड, परंतु एकही विधान मोघम नाही. निखाऱ्यावर राख किती बोटे, टोपली किती उंच, दारे-खिडक्या बंद. वेळ मात्र घड्याळाची नव्हे, उदबत्तीची: पहिल्यांदा पाने परतायची ती एक काडी जळाल्यावर, दुसऱ्यांदा अर्ध्या काडीने. एका दुपारी मी भाजणीघरात बसलो, टोपलीशेजारी उदबत्ती खोचली आणि वही मांडीवर घेतली.

काडी निम्मी जळते न जळते तोच मागची खिडकी उघडली. मी उठून लावली. ती पुन्हा उघडली. बाहेर बांबूचे पानही हलत नव्हते. या खेपेस मी आतून खुंटी घातली. थोड्या वेळाने पाहतो तो खुंटी जमिनीवर, आणि कोणी हाताने सारावा तसा धूर खिडकीकडे वळलेला. मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि मोठ्याने वाचले, "दारे-खिडक्या बंद." वादात मी शुइगनला नेहमी असाच गप्प करीत असे. त्यानंतर खिडकी उघडली नाही.

चहा तीन महिने मुरू दिला. मग यूएझेनने पाणी उकळले, पाने झाकणाच्या पेल्यात घातली, पहिले पाणी ओतले आणि झाकण नाकाशी नेले. ते तिने हळूच खाली ठेवले.

"उदबत्ती कुठे लावली होतीत?"

"टोपलीशेजारी. वहीत लिहिल्याप्रमाणे."

"ती अंगणात लावायची असते, भाऊजी. काचेतून बघायची. त्या खोलीत आम्ही साबणाचे हातसुद्धा नेत नाही."

अंगणात लावा असे वहीत नव्हते, हे मी आजही म्हणेन. पण श्वास घ्यावा असेही कोणी लिहून ठेवत नाही. आणि पान शेजारचा वास पिते हे मी निदान चार ग्रंथांत वाचले होते. मुलांना शिकवलेही होते.

ती तरीही प्यायली. पहिल्या ओतणीला उदबत्ती, दुसऱ्या-तिसऱ्यालाही उदबत्तीच. चौथ्या ओतणीला तिने डोळे मिटले. आहे का तो, असे मी विचारले.

"आहेत," ती म्हणाली. "धुराच्या पलीकडे उभे आहेत." पेला रिकामा करून ती उठली. "हा आता त्यांचा चहा. उदबत्तीच्या वासाचे जिवंत माणसाने पिऊ नये."

उरलेला चहा तिने डब्यात भरला, तोंडावर कागद चिकटवला आणि डबा, पितरांना नैवेद्य ठेवतात तिथे, शुइगनच्या नावाच्या पाटीपुढे ठेवला. तिने मला दोष दिला नाही. मी दर महिन्याला जातो. ती मला गरम पाणी देते, स्वतःही तेच पिते. निघताना मी पाटीपुढची धूळ पुसतो, त्यासाठी डबा उचलावा लागतो. कागद शाबूत असतो, आणि डबा दर खेपेस थोडा हलका लागतो. यावर मी कुठेही काही वाचलेले नाही.