व्हर्लिनच्या मनगटावर

मी पट्टा बोलतोय. मनगटावर बसतो, घड्याळासारखा दिसतो, पण वेळ सांगत नाही. दर सेकंदाला कुणाला ऐकू न येणारी एक हाक मारायची, एवढाच माझा धंदा. प्रत्येक पट्ट्याची हाक निराळी. दीडेक किलोमीटरच्या आत कुणी अँटेना घेऊन आलं, की त्याच्या यंत्रात टुक टुक वाजतं. मी सापडलो, म्हणजे माझा माणूसही सापडला.

एका खोक्यातून आम्ही बाराजण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आलो. आठवण पुसट होत चाललेले म्हातारे आणि आपल्याच तंद्रीत घराबाहेर पडणारी स्वमग्न मुलं, यांच्यासाठी वॉशिंग्टनहून तीन वर्षांचा निधी मंजूर झाला होता. त्यातून आमची खरेदी झाली. ज्यांच्या करातून माझी किंमत आली, त्यांनी मला कधी पाहिलं नाही आणि मी त्यांना. असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या मालाला मिळत असेल? मला याचं फार कुतूहल वाटायचं.

मला बांधलं व्हर्लिन हॅल्व्हरसनच्या हातावर. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला, गोठ्यागोठ्यातलं दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवलं. आता तो आपल्या बायकोला, आर्डिसला, अधूनमधून बहीण समजतो. पण बोलण्यातला रुबाब तसाच.

"हे घड्याळ बंद पडलंय," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"घड्याळ नाही रे ते. तू हरवलास तर शोधायला आहे," आर्डिस म्हणाली.

"मी हरवतोय कशाला? चाळीस वर्षांत एक वळण चुकलो नाही."

"हो ना. सकाळी न्हाणीघर शोधत तळघरात उतरलास, तेवढं सोडून."

माझी बॅटरी साठ दिवस चालते. ती बदलायला शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीतून जोडी झास्ट्रो नावाची पोलीस बाई यायची. माझा जुना बंद कापायचा, माझ्यात बॅटरी घालायची, नव्या बंदाने मला पुन्हा बांधायचं; काम दहा मिनिटांचं. पण दहा मिनिटांत उठून जाणं म्हणजे घरच्यांचा अपमान. आधी हवामान, मग कॉफी, मग सफरचंदाचा केक. "बरं, निघते" म्हटल्यावर दारात अर्धा तास, आणि गाडीच्या खिडकीशी आणखी थोडं. तेवढ्या वेळात व्हर्लिन तिला आपला रस्ता सांगायचा. दर खेपेला तोच.

"पहिला थांबा लिंडेविग. तिथं दूध गार व्हायला वेळ लागतो, थांबावं लागतं. मग उग्लेम. उग्लेमचा कुत्रा चावतो."

"कुत्रा कुठल्या रंगाचा?" जोडी विचारायची. सहाव्यांदा ऐकतानाही पहिल्यांदा ऐकल्यासारखं.

तिसऱ्या वर्षी निधी संपत आला. काउंटीच्या मंडळात पैशांचं बघणारा ड्वेन प्रिट्झल, पशुखाद्याच्या दुकानाचा मालक. त्याने सुचवलं, पट्टे राहू द्या, भेटी बंद करा, बॅटऱ्या टपालाने पाठवू.

"पोलिसाने दीड तास केक खायचा आणि लोकांनी कर भरायचा?" तो म्हणाला. "आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणी भरकटलं तर दहाजण बघतील."

आर्डिसच्या बोटांना संधिवात. माझं झाकण काही तिला उघडत नाही. मुलगी जोलीन शहरात राहते. तिने तिकडच्या कुलूपबंद वृद्धाश्रमात एक खोली बोलून ठेवली होती. भेटी थांबल्या तर बाबा तिकडे, असं मायलेकींचं ठरलं. आर्डिस हो म्हणाली. पंचावन्न वर्षांचा संसार माझ्या झाकणाशी येऊन अडला होता.

मंडळातल्या मतदानाच्या आधीचा आठवडा. एप्रिलातली सकाळ, बर्फाचे कण मिसळलेला पाऊस. आर्डिस कपडे धुवायला तळघरात उतरली आणि व्हर्लिन पातळ जाकिटात बाहेर पडला.

अशा माणसाला लोक भरकटला म्हणतात. मी त्याच्या मनगटावर होतो, म्हणून सांगतो: त्याचं पाऊल एकदाही अडखळलं नाही. तो कामावर निघाला होता.

वाटेत सात गाड्या भेटल्या. इकडे समोरून कुणी आलं की ओळख दाखवायला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची असतात. न उचलणारा एक तर परका, नाही तर रागावलेला. व्हर्लिनने सातहीजणांना ऐटीत दोन बोटं दाखवली. सातहीजणांनी बोटं उचलली आणि पुढे गेले. त्यात एक खाद्याची गाडीही होती. इतक्या झोकात बोटं उचलणारा माणूस हरवलेला असेल, हे कुणाच्या मनात यावं?

आर्डिसचा शेरीफच्या कचेरीत फोन गेला. हरवलेला माणूस पाण्याकडे जातो, या नियमाप्रमाणे शोधणारे आधी नदीवर गेले. मी हाका मारतच होतो, पण ते होते पाच किलोमीटर उलट दिशेला. पुढचं जोडीने नंतर आर्डिसला सांगितलं, ते मी ऐकलं. काठावर यंत्र फिरवता फिरवता ती थांबली.

"व्हर्लिनचं पाण्याशी काय काम? मी लिंडेविगकडे जाते."

"तो गोठा बंद पडून बारा वर्षं झाली," तिच्याबरोबरचा पोलीस म्हणाला.

"ते व्हर्लिनला कोण सांगणार?"

लिंडेविगच्या गोठ्यालगत दुधाच्या टाकीची रिकामी खोली आहे, जाड सिमेंटच्या भिंतींची. तिथे व्हर्लिन उलट्या बादलीवर बसला होता. आधी तो कुडकुडत होता, मग कुडकुडणंही थांबलं. त्याची नाडी मला लांबून आल्यासारखी लागायला लागली. माझ्या हाका भिंतीपलीकडे कितपत जात होत्या कोण जाणे. आणि दार उघडलं.

"चला व्हर्लिन, घरी जाऊ."

"दूध गार व्हायचंय. थांबतोय."

"थांबा की. पण गाडीत थांबू, हीटर चालू आहे."

"आणि उग्लेम?"

"त्यांना कळवलंय, आज उशीर होईल म्हणून."

"कुत्रा बांधलाय?"

"बांधलाय."

तेव्हा कुठे तो उठला.

मंडळाच्या बैठकीला आर्डिस त्याला घेऊनच गेली, ठेवणार कुणाजवळ? प्रिट्झलने पुन्हा तेच मुद्दे वाचायला घेतले. वाचता वाचता त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. व्हर्लिनने दोन बोटं उचलली. प्रिट्झलचीही आपसूक वर गेली. मग त्याने कागद खाली ठेवला.

"त्या सकाळी मीसुद्धा उचलली होती," तो म्हणाला. "खाद्याची गाडी घेऊन चाललो होतो. म्हटलं, म्हातारा अजून खणखणीत आहे."

मागून एक बाई म्हणाली, "तू एकटा नाहीस ड्वेन. मीही."

कुणीतरी जोडीला विचारलं, तिथे बसून एवढा वेळ करता काय?

"रस्ता शिकते," ती म्हणाली. "केकही खाते. नाही कशाला म्हणू?"

मतं पडली नऊ विरुद्ध सहा. निधी संपला तरी भेटी काउंटीच्या पैशातून चालू राहणार, पण एकच वर्ष. प्रिट्झलने बाजूने मत दिलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा कागद तपासेन, असंही बजावलं. दुकानदार माणूस, मला त्यात गैर वाटलं नाही.

आर्डिसने बाहेर गाडीतूनच मुलीला फोन लावला. "त्या खोलीचं नको म्हणून कळव."

"अगं आई, वर्षभराचंच आहे ना ते?"

"वर्ष पुष्कळ झालं, जोलीन."

अजून मी त्याच हातावर आहे. तुमच्या गावच्या सभेत असल्या खर्चाचा कागद आला, तर पट्ट्याची किंमत खुशाल विचारा; मालाची किंमत विचारलीच पाहिजे. पण बॅटरी बदलायला कोण येतं आणि येऊन किती वेळ बसतं, हेही विचारा.

आता आवरतो. आज साठावा दिवस. जोडीची गाडी फाटकात वळली आहे, आर्डिसने कॉफी ठेवली आहे, आणि व्हर्लिन बाही वर सारून बसला आहे.